गेरूखालचं तांबं

त्या उन्हाळ्यात माझ्या बेस गिटारवर एक माणूस तारपा वाजवू लागला. त्याच्याभोवती हातात हात धरून नाचणाऱ्या बायापुरुषांचा फेर, एका बाजूला झाड, झाडावर मोर आणि खाली एक कोंबडी. सगळं पांढऱ्या रंगात, गेरूच्या रंगावर. यातलं एकही चित्र मी काढलेलं नव्हतं आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. त्या कोंबडीचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण ती नेमकी व्हॉल्यूमच्या नॉबपाशी दाणे टिपत होती.

आधी हे सांगून टाकते की बेस म्हणजे नुसती गिटार नव्हे. जन्मभर लोकांना हे सांगून माझं तोंड दुखलं आहे. चार जाड तारा, लांब मान आणि खालचे सूर. गाण्यात बेस असतो तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही आणि काढून घेतला की गाणं पोकळ वाटायला लागतं. पुण्यात मी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. गणपतीत, नवरात्रात, कंपन्यांच्या स्नेहसंमेलनांत. कार्यक्रम संपला की बायका जवळ येऊन विचारायच्या, "तुम्ही गात नाही का?" मी म्हणायचे, नाही, वाजवते. त्यावर त्या "अच्छा" म्हणायच्या, पण कीव केल्यासारख्या. आई मात्र पहिल्या रांगेत बसायची आणि घरी परतताना रिक्षात मला सांगायची की तिसऱ्या गाण्यात तू घाई केलीस. तिचं बरोबर असायचं.

लग्नानंतर नेदरलँड्समधल्या आर्नहेमला आले. नवरा इथल्या एका ऊर्जा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम बघतो आणि मी त्याच्या परमिटवर आले. 'डिपेंडंट' हा शब्द माझ्या कार्डावर कुठे नव्हता, पण आपल्या लोकांच्या तोंडात होता. "तू काय करतेस?" या प्रश्नाला मी "बेस वाजवते" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "नाही, पण म्हणजे काम?" मीही हट्टाने शोधत राहिले आणि शेवटी लग्नांत वाजवणाऱ्या एका डच बँडने मला बोलवायला सुरुवात केली. त्यांच्यात बसते न बसते तोच महामारी आली. लग्नं बंद, बँड बंद, आणि मी घरात.

घर म्हणजे दोन खोल्या. त्यातलं जेवणाचं टेबल नवऱ्याच्या कंपनीने गिळलं. सकाळपासून त्याच्या मीटिंगा आणि मी दबकत चालायचं, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, खोकलादेखील गिळायचा. वाजवायचं तर हेडफोन लावून. आणि हेडफोन लावल्यावर पहिल्यांदा मला नीट कळलं की माझा बेस घूं करतो आहे. स्टेजवरच्या गोंगाटात ते कधी जाणवलं नव्हतं. आता दोन मॉनिटर, तीन चार्जर आणि एक राउटर अशा शेजारात बसून तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणत होता. तारांवर हात ठेवला की आवाज कमी, उचलला की पुन्हा सुरू.

मी ठरवलं, बंद तर बंद, या दिवसांत हा बेस मुळापासून नवा करायचा. तसा तो दिसायलाही मला आवडत नव्हता. भडक लाल, चकचकीत, लग्नातल्या बँडवाल्यांच्या कोटासारखा. पुण्यात घेतला तेव्हा दुकानात तेवढा एकच होता, म्हणून घेतला.

आमच्या इमारतीच्या तळमजल्याला प्रत्येक घराची सायकली आणि अडगळ ठेवायची एक छोटी खोली असते. तिला इथे बर्गिंग म्हणतात. तिथे मी माझा कारखाना थाटला. हीट गनने लाल रंग गरम केला आणि पात्याने सोलला. त्याचे तुकडे कांद्याच्या सालांसारखे वळून खाली पडत. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. मास्कचा तुटवडा होता तेव्हा ओढणी बांधून घासलं. खांदे भरून आले, नखांत लाकडाची पूड बसली. लाल रंगाखालून निघालेलं लाकूड कुठलं ते मला आजही माहीत नाही, तीन फळ्या जोडून केलेलं होतं, पण त्याचा रंग गुळाच्या पाकासारखा होता आणि त्यावर एक तिरकी रेघ होती, जी त्या दुकानदाराला, कारखान्याला, कुणालाच कधी दिसली नव्हती. मला ती दिसली. या लाकडावर रंग चढवायचा नाही, नुसतं जवसाचं तेल द्यायचं, हे मी तिथेच ठरवलं.

मग आतलं काम. जुने पिकअप काढून नवे बसवले. पिकअप म्हणजे तारेखाली बसलेली ती चुंबकं, जी तारेची थरथर पकडतात. नॉबही नवे, वायरी नव्या. सोल्डरिंगचा धूर मीटिंगमध्ये जातो म्हणून नवऱ्याने भुवया वर केल्या, तेव्हा तेही काम मी खाली नेलं. आणि शेवटी तांबं. बेसच्या पोटात जी पोकळी असते तिला आतून तांब्याच्या पातळ पट्टीचं अस्तर लावायचं. ही पट्टी काठावरून थोडी बाहेर दुमडायची, म्हणजे वरच्या झाकणाला खालून लावलेलं तांबं तिला टेकतं. डब्याचं झाकण डब्याला नीट टेकलं नाही तर आतला चिवडा सादळतो, तसंच हे. तांब्याला तांबं टेकलं की बाहेरची घूं आत येत नाही. काठावरची ती दुमड करताना बोटं कापली, पण केली.

सगळं जोडून एकदा बेस लावून पाहिला. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. मला वाटलं काही चुकलं, वायर सुटली. मग मी तार छेडली आणि सूर आला, स्वच्छ, एकटा, आजूबाजूला कुणी नसलेला. बर्गिंगमध्ये दोन सायकलींच्या मधे बसून मी रडले. मग पुन्हा सगळं काढून ठेवलं, कारण लाकडाला तेल द्यायचं राहिलं होतं.

याच सुमारास इथल्या महाराष्ट्र मंडळाने ऑनलाइन गणेशोत्सव ठरवला. ज्याने त्याने घरून वाजवून, गाऊन, नाचून पाठवायचं आणि मंडळातलं कुणीतरी ते जोडणार. आरतीच्या नव्या चालीत बेस हवा म्हणून सांस्कृतिक विभाग बघणाऱ्या ताईंनी मला फोन केला. त्या स्वतःहून 'बेस' म्हणाल्या, 'गिटार' म्हणाल्या नाहीत, म्हणून मी लगेच हो म्हटलं. इथे येऊन सहा वर्षं झाली होती आणि आपल्या माणसांसमोर मी एक सूरही वाजवला नव्हता.

आईला सांगितलं. ती पुण्यात एकटी, लॉकडाउनमध्ये, दार उघडून बघायचीही चोरी. ती म्हणाली, "फोनवर ऐकू येईल का?" मी म्हटलं, "फोनवर बिलकूल ऐकायचं नाही. फोनच्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. कपाटावरचे जुने स्पीकर टीव्हीला जोड." त्यानंतर रोज तिचा फोन. स्पीकरची वायर सापडली. मग दुसरी वायर सापडली नाही. मग वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे सापडली. सहा वर्षांनी ती मला ऐकणार होती आणि तिने पहिल्या रांगेची जागा धरून ठेवल्यासारखी तयारी चालवली होती. मीही त्या आरतीसाठी जीव तोडून बसले. कोरस एका सुरावर थांबतो तिथे बेस एकेक पायरी खाली उतरतो आणि अगदी तळाला जाऊन टेकतो, अशी जागा बांधली. आईला ती कळली असती.

आता नवऱ्याविषयी. तो वाईट माणूस नाही, हे मला अनेकांनी सांगितलं आहे. लॉकडाउनमध्ये मंडळाने वारली चित्रकलेची ऑनलाइन कार्यशाळा घेतली आणि त्याने ती केली. मला आनंदच झाला, माणूस स्क्रीनवरून उठला म्हणून. पण परदेशात गेलेल्या मराठी माणसाच्या हातात वारलीचा ब्रश आला की तो थांबत नाही. कुंड्या झाल्या. चहाच्या कपांखालच्या चकत्या झाल्या. मीटरच्या पेटीचं दार झालं. पाहुणे कौतुक करायचे, "वा, आपली संस्कृती!" पुण्यात असताना यांच्यातल्या एकाच्याही घरी वारली नव्हती.

ग्रोनिंगनला माझी मैत्रीण बाळंत झाली होती. तिची आई भारतातून येऊ शकत नव्हती, विमानं बंद होती, म्हणून शनिवार-रविवार मी गेले, तिला आळिवाची खीर करून घालायला. तिच्या बाळाला मांडीवर घेऊन बसले होते तेव्हाच फोन वाजायला लागला. मंडळाच्या ग्रुपवर फोटो. "दादा, हॅट्स ऑफ!" "वहिनी किती लकी!" "ही गिटार व्हिडिओत हवीच हं!" मला फोटो मोठा करून बघावा लागला. माझ्या गुळाच्या रंगाच्या लाकडावर तारपा वाजवणारा माणूस उभा होता.

घरी आले. बूटसुद्धा काढले नाहीत. नवरा दारातच हसत उभा.

"सरप्राइज!" तो म्हणाला. "तू महिनाभर घासत होतीस, बिचारं उघडंबोडकं पडलं होतं. म्हटलं, आपण फिनिश करून टाकू."

"ते उघडं ठेवलं होतं. तेल द्यायचं होतं."

"तेल काय, कधीही दे. मी वरून लॅकर मारलाय, हलणार नाही आता."

कोऱ्या लाकडाने तो गेरू घटाघटा पिऊन टाकला होता. ती तिरकी रेघ कुठे गेली ते शोधायलाही जागा नव्हती. मी बेस उलटसुलट करून पाहिला आणि पोकळीच्या काठाकडे नजर गेली. काठावर तांबं नव्हतं. तिथेही गेरू.

"इथे तांब्याची पट्टी होती," मी म्हटलं.

"हो ना. चकाकत होती, विचित्र दिसत होती. म्हणून झाकली. आतूनही थोडा हात मारला, कुणाला तांबं दिसायला नको." तो अजून हसत होता. "अगं, बघ तरी नीट. तुझ्यासाठी केलं. लोक बघतील आता तुझ्याकडे."

माझ्या डोक्याची शीर तडकली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्याला विचारलं, तुझ्या लॅपटॉपवर मी मोर काढू का, तुझा प्रोग्रॅम चालतो तिथे कोंबडी बसवू का? तो म्हणाला, "लॅपटॉप माझं काम आहे, ही तुलना आहे का?" मग त्यालाच ऐकू आलं तो काय बोलला ते. पण बोलून झालं होतं. मी म्हटलं, "आता कळलं." आणि बेस घेऊन खाली गेले.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. ताईंना मुदत मागितली. "अगं, सगळ्यांचे आले," त्या म्हणाल्या, "आणि तुझी गिटार तर शो स्टॉपर आहे." माझ्याही नकळत बेसची पुन्हा गिटार झाली होती. मी काठावरचा रंग सुरीने खरवडला. रंगाबरोबर तांबंही सुटून आलं, कागदासारखं पातळ ते, चिंध्या झाल्या. पट्टीचं रीळ संपलेलं. नवं मागवलं तर यायला आठवडा, त्या दिवसांत सगळंच उशिरा येत होतं. पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवून पाहिली, ती धरेना. पिकअप बसवले, वायरी जोडल्या, झाकण लावलं आणि हेडफोन घातला. घूं. पूर्वीपेक्षा कमी, पण होतीच. मॉनिटर बंद कर म्हणून नवऱ्याला सांगितलं, त्याने निमूटपणे केले. राउटरही काढला. नऊवारी नेसून, गजऱ्याच्या जागी कापडी फुलं माळून, त्या कोंबडीवर बोट ठेवून मी वाजवलं. ती उतरण वाजवली. मनगट दुखेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवली, आणि त्यातली सगळ्यात चांगली पाठवली. सोबत ताईंना निरोप लिहिला, थोडी घूं आहे, पण बाकीची वाद्यं आली की झाकली जाईल. त्यांचं उत्तर आलं, "डोन्ट वरी, एडिटिंगमध्ये बघू!" आणि पुढे मोदकाचं चित्र.

त्यांनी बघितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. घरात उकडीचे मोदक मीच केले होते. राग होता, पण सणाला उपास घडवायचा स्वभाव नाही माझा. आरती सुरू झाली. चौकटीचौकटीत माणसं दिसायला लागली, झांजा, पेटी, कुणाचं तरी बाळ. मग मी आले, बराच वेळ, मोठ्या चौकटीत, कारण ते गेरूचं सोंग सगळ्यांना आवडलं होतं. कोरस त्या सुरावर थांबला. पडद्यावर माझी बोटं मानेवरून एकेक घर खाली उतरायला लागली. आणि स्पीकरमधून आवाज आला ठोक, ठोक, ठोक. एकाच सुरावर. कीबोर्डमध्ये तयार मिळतो तो बेस, बटण दाबलं की वाजणारा. मी तळाला पोचले तेव्हा तो चक्क वर गेला.

माझ्या हातांवर दुसऱ्याच कशाचा तरी आवाज चिकटवला होता. घूं झाकायला त्यांनी मलाच झाकलं होतं, आणि चित्र तेवढं ठेवलं होतं.

शेजारी नवऱ्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बघ, काय दिसतंय! कोंबडीसुद्धा आली!" त्याला काही कळलं नव्हतं. एकाच घरात सहा वर्षं राहून माझ्या बोटांचा आणि त्या आवाजाचा काही संबंध नाही, हे त्याला दिसलं नाही. खाली टिप्पण्या धावत होत्या. सुंदर. अप्रतिम. एकाही माणसाला कळलं नव्हतं.

फोन वाजला. आई. मी स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, कारण हाताला मोदकाचं तूप होतं.

"ऐकलं गं," ती म्हणाली. "मोठ्या स्पीकरवर ऐकलं. वरच्या काकूंना दारात खुर्ची टाकून बसवलं होतं. किती वर्षांनी. हात बसलाय तुझा. थोडं साधं वाजवलंस, पण छान."

थोडं साधं. तिला काहीतरी खटकलं होतं आणि माझ्या प्रेमापोटी तिने ते गिळलं होतं. मी गप्प बसू शकले असते. ताईंनी तेवढंच गृहीत धरलं होतं, नवऱ्याने तेवढंच धरलं असतं. पण माझ्या आईने मशीनला माझा हात म्हणावं, हे मला सोसवेना.

"आई, ते मी नव्हते."

"म्हणजे?"

"आवाज माझा लावलाच नाही त्यांनी. मी वाजवलं होतं. ते काढून टाकलं."

मागून काकूंचा आवाज आला, काय झालं हो? आई त्यांना म्हणाली, "काही नाही, बसा." मग मला विचारलं, "मग मी ऐकलं कोणाला?"

"कोणालाच नाही."

फोनमध्ये तिने पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग ती म्हणाली, "बरं. आता वाजव. आम्ही बसलोय."

"फोनवर येत नाही ते, आई. सांगितलं होतं ना. खालचं काहीच ऐकू येत नाही."

"मग केव्हा?"

गॅसचा सिलिंडर केव्हा येणार, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात तिने विचारलं. माझं रेकॉर्डिंग तिला पाठवता आलं असतं, पण त्यात ती घूं होती आणि झाकायला सोबत एकही वाद्य नव्हतं. ती तिकडे, मी इकडे, विमानं बंद, आणि ती सत्तरीच्या पुढे. एकच संधी होती आणि ती त्यांनी शोभेसाठी वापरून टाकली होती.

नवरा उठला होता. त्याचा चेहरा उतरला होता, आता कुठे त्याच्या लक्षात आलं असावं. "मी ताईंशी बोलतो," तो हळूच म्हणाला, "तुझा ट्रॅक लावून पुन्हा टाकायला सांगू. आणि मला सांग, हा रंग कसा काढायचा, मी आत्ता काढतो." त्याने सोफ्यावर ठेवलेला बेस उचलायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," मी ओरडले.

"अगं, मी फक्त—"

"कशालाच हात लावू नकोस! माझ्या कुठल्याच गोष्टीला हात लावू नकोस!"

त्याने हात मागे घेतला. टेबलावर फोन अजून चालू होता, आणि त्यातून एवढं मात्र आईला स्पष्ट ऐकू गेलं होतं.